ताई, तुमची कंबर घाबरली आहे

पत्र: डॉक्टर, माझं वय ४३. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला राहते, घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दोन वर्षांपूर्वी पाण्याची कळशी उचलताना कंबरेत उसण भरली ती गेलीच नाही. एमआरआय काढला, त्यात एल-४ एल-५ ला डिस्क बल्ज आणि मणक्यात झीज असं आलं. ज्यांनी रिपोर्ट बघितला ते म्हणाले गादी सरकलीये, आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाहीतर एक दिवस पाय जातील. तेव्हापासून पट्टा लावते. कणीक मुलगी मळते. खाली बसत नाही, सणाला पंगतीतसुद्धा मी एकटी खुर्चीवर. मशीनवर चाळीस मिनिटं झाली की कंबरेत आग सुरू होते, पाठीपर्यंत ओढ लागते, सगळी पाठ भरून येते, रात्री कूस बदलली की जाग येते. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं रिपोर्टमध्ये एवढं काही नाही, टेन्शन घेऊ नका. हे ऐकल्यापासून घरात सगळे म्हणतात मनाचंच आहे. जाऊबाई म्हणतात ऑपरेशन करून मोकळी हो. मेडिकलमधून गोळी आणते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मला एवढंच सांगा, हे खरंच मनाचं आहे का? आणि ऑपरेशन करू का? (कृपया नाव छापू नका)

उत्तर:

ताई, तुमचं दुखणं खरं आहे. हे आधी लिहिते कारण मला वाटतं तुम्ही पत्र लिहायला बसलात ते ह्या एका वाक्यासाठी, ऑपरेशनचा प्रश्न नंतरचा. दुखण्यावर संशोधन करणाऱ्यांची जी जागतिक संघटना आहे तिने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० मध्ये ती सुधारली, आणि त्या सुधारणेत एक ओळ मुद्दाम लिहिली की माणूस स्वतःच्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान राखायला हवा. त्याच व्याख्येत असंही आहे की वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून अनुभव असतो, म्हणजे 'शरीराचं की मनाचं' असे दोन डबे करून एकात टाकायची ती गोष्टच नाही. घरातल्यांना हे वाचून दाखवा, माझं नाव सांगून दाखवा.

मी पीएमआरची डॉक्टर आहे, म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, सांधे-स्नायू-मणके दुखून ज्यांचं रोजचं काम अडलंय त्यांना परत कामाला उभं करणं हे आमचं काम. त्यामुळे पत्रात मी सगळ्यात आधी काय शोधते तर ज्यात थांबून चालत नाही अशा खुणा. तुमच्या पत्रात त्यातलं काही दिसत नाही, तरी स्वतःला एकदा नीट विचारा. लघवी अडकते का किंवा झालेली कळत नाही असं होतं का, बसायच्या जागेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आलाय का, चालताना एका पायातली चप्पल निसटते आणि लक्षात येत नाही असं होतं का. ह्यातलं काहीही असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला जा. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, न सांगता उतरणारं वजन, गेलेली भूक असेल तर मणक्याचा टीबी तपासायलाच हवा, आपल्याकडे तो आजही दिसतो आणि वेळेत कळला तर औषधांनी बरा होतो. पूर्वी कधी कॅन्सर झाला असेल तरी सांगायला हवं. आणि सकाळी उठल्यावर पाठ अर्धा तासाच्या वर जखडलेली राहते आणि हालचाल केली की सुटते, असं असेल तर तो सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो, त्याचे उपचार वेगळे.

आता तुमचे शब्द. दुखणं सांगायला मराठीत इतके शब्द आहेत की मला पेशंटचं बोलणं तोडायला कधीच आवडत नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, सलणं वेगळं, ठसठस वेगळी, मुंग्या वेगळ्या. १९७५ मध्ये कॅनडात मेलझॅक नावाच्या शास्त्रज्ञाने पेशंट दुखण्याला कोणकोणते शब्द वापरतात त्याची प्रश्नावली केली, ७८ शब्द, २० गट, आणि ती जगभर वापरली गेली कारण शब्दावरून आत काय चाललंय त्याचा अंदाज येतो. एखादी बाई म्हणाली 'कळ निघते ती पोटरीतून थेट अंगठ्यात उतरते' तर मी नस दाबली गेलीये का ते बघते. तुम्ही काय लिहिलंय? आग, ओढ, भरून येणं. पायात काही उतरतंय असं कुठेच नाही. हे थकलेल्या, सतत आवळून धरलेल्या स्नायूंचं आणि जाग्या राहिलेल्या नसांचं वर्णन आहे. पत्रावरून निदान करता येत नाही, प्रत्यक्ष तपासायलाच हवं, पण तुमचे शब्द दाबलेल्या नसेकडे बोट दाखवत नाहीयेत एवढं मी म्हणू शकते.

मग रिपोर्टमधली ती झीज? हे जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते तुमचं अर्धं दुखणं ह्या एका कागदाने वाढवलंय. १९९४ मध्ये अमेरिकेत ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ९८ लोकांचा एमआरआय काढला. त्यातल्या ५२ टक्के लोकांना कुठे ना कुठे डिस्क बल्ज, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती जरा फुगलेली, असा निघाला. कुठलीही तक्रार नसलेली धडधाकट माणसं! पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांची मिळून मोजदाद झाली, तीन हजारांवर लोक, सगळे न दुखणारे, तर विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यात झीज होती आणि ऐंशीतल्या ९६ टक्के. म्हणजे केस पांढरे होतात, चष्मा लागतो, तशी डिस्क झिजते. तुमच्या वयाच्या, कधीही कंबर न धरलेल्या तुमच्या जाऊबाईंचा एमआरआय काढला तर त्यातही हेच शब्द येण्याची बऱ्यापैकी शक्यता आहे. एमआरआय वाईट नाही, मी पण काढायला सांगते, पण त्यात दुखणं दिसत नाही, रचना दिसते.

आणि 'गादी सरकली' हा शब्दप्रयोग तर आपण सगळ्या डॉक्टरांनी सोडून द्यायला हवा. गादी म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, पलंगावरची गादी, जरा हललं की घसरणारी. डिस्क अशी नसते. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट धागेदार पेशींनी धरलेली असते, ती घसरत नाही. तिचा काही भाग फुगतो किंवा बाहेर येतो, ते खरं, पण बाहेर आलेला भागही बऱ्याच जणांमध्ये काही महिन्यांत शरीर स्वतःच आकसवून टाकतं. साधा बल्ज असलेल्या बाईचे पाय कणीक मळल्याने जात नाहीत. दोन वर्षं तुम्ही ती भीती अंगावर वागवलीये ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमच्याकडे पेशंट आला की मी एक गोष्ट करते, बोलता बोलता माझं पेन खाली पडू देते. बहुतेक लोक चटकन उचलायला जातात आणि मग मधेच थबकतात. एक हात गुडघ्यावर, श्वास रोखलेला, मान वर, पाठ फळीसारखी ताठ, आणि गुडघ्यातून बसत बसत कसंतरी पेन उचलतात. मी विचारते दुखलं का? म्हणतात नाही, पण दुखेल ना. तुम्ही आत्ता पट्टा काढून, श्वास रोखून, पोट घट्ट आवळून दहा मिनिटं बसून बघा, न दुखणारी पाठ पण दुखायला लागेल. तुम्ही हे दोन वर्षं करताय, मशीनवर बसूनसुद्धा.

दुखणं एवढं लांबतं का ते आमच्या गावाकडच्या उदाहरणाने सांगते. राखणीचं कुत्रं असतं. एकदा रात्री घरात चोर शिरला की ते कुत्रं पुढे कित्येक दिवस पोस्टमनवर भुंकतं, शेजारच्या काकूंवर भुंकतं, वाळलेलं पान पडलं तरी भुंकतं. भुंकणं खरं असतं, झोप मोडते ती खरी मोडते, पण अंगणात चोर नसतो. तुमच्या कळशीच्या दिवशी चोर आला होता, काहीतरी ताणलं गेलं, दुखावलं. ते काही आठवड्यांत भरून आलं असणार. पण मणक्यातल्या आणि मेंदूतल्या नसा जाग्याच राहिल्या. ह्याला नुसती उपमा समजू नका, १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ ह्यांनी उंदरांवर दाखवून दिलं की दुखापतीनंतर मज्जारज्जूमधल्या पेशी जास्त उत्तेजित होतात आणि साध्या स्पर्शाला पण मोठा प्रतिसाद द्यायला लागतात. पुढे चाळीस वर्षं त्यावर काम झालं. आता तीन महिन्यांच्या वर टिकणाऱ्या दुखण्याला आम्ही जुनाट म्हणतो, आणि त्यातला जो प्रकार दुसऱ्या कुठल्या आजाराने नीट उलगडत नाही त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत स्वतंत्र नाव आहे. अपुरी झोप, काळजी, घरातलं टोचून बोलणं, ह्या सगळ्याने ते कुत्रं आणखी जागं राहतं. मन इथे येतं ते एवढंच, दुखणं खोटं ठरवायला नाही.

असं कुत्रं शांत कसं होतं? घरात कोंडून घेऊन नाही आणि त्याला मारूनही नाही. रोज त्याच वेळी तोच माणूस गडबड न करता समोरून गेला की हळूहळू ते मान वर करून बघतं आणि परत झोपतं. तुमचे उपचार ह्याच धर्तीवर.

मशीनपासून सुरुवात करा कारण तो तुमचा धंदा आहे आणि माप तुमच्याकडे तयार आहे, चाळीस मिनिटं. तुम्ही आत्ता आग सुरू होईपर्यंत बसता, मग उठता, म्हणजे रोज त्या नसांना पक्कं शिकवताय की मशीन म्हणजे आग. उद्यापासून मोबाईलला पंचवीस मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की उठा. दुखत असो नसो, हातातली बाही अर्धी राहिली तरी उठा. दोन-तीन मिनिटं घरात फिरा, पाणी प्या, हात वर ताणा, परत बसा. चार-पाच दिवस हे सहज जमलं की दोन मिनिटं वाढवा. घड्याळाने थांबायचं, दुखण्याने नाही, सगळी मेख इथे आहे. आणि बरं वाटलं त्या दिवशीही पंचवीसच! लोक इथेच चुकतात, लग्नसराईची ऑर्डर आलेली असते, सकाळी कंबर हलकी वाटते, सलग तीन तास शिवून काढतात आणि पुढचे चार दिवस आडवे, मग म्हणतात बघा डॉक्टर, काम केलं की दुखतंच.

वाकणं पण असंच परत शिकायचं. सकाळी उठल्या उठल्या नको, आंघोळ झाल्यावर. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर, आणि श्वास सोडत सोडत दोन्ही हात मांड्यांवरून नडगीपर्यंत घसरवत न्या, पाठ गोल होऊ दे, मान सैल सोडा, परत या. सात-आठ वेळा. आठवडाभर हे, मग उभं राहून स्टुलावरची वस्तू उचलणं, मग पाटावरची, मग जमिनीवरची. कणीक आधी ओट्यावर, फक्त तुमच्या दोन पोळ्यांपुरती, बाकीची मुलगी मळेल. वजन तांब्यापासून सुरू करा, मग पाव कळशी, मग अर्धी. काही केल्यावर थोडं जास्त दुखलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत नेहमीवर आलं तर ते बरोबर चाललंय. दोन दिवसांच्या वर चढलेलंच राहिलं तर माप थोडं कमी करा, बंद करू नका.

पट्टा एकदम काढू नका, दिवसातला एक तास आधी, मग दोन, महिन्याभरात सुटेल. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून पाठ ओढणं) दोन्ही सरसकट वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे मात्र दहा दिवस शेक, करंट आणि वजन लावून ओढणं ह्यालाच लोक फिजिओ समजतात. ज्या फिजिओथेरपिस्टने तुम्हाला टेबलावर झोपवून मशीन लावलं आणि व्यायाम काहीच करून घेतला नाही तिथे पैसे घालवू नका, जो तुम्हाला घाम आणतो आणि घरचं माप लिहून देतो तो शोधा.

झोपून राहण्याबद्दल पण सांगते, कारण जाऊबाईंच्या नंतर पुढचा सल्ला तोच येणार. १९८६ मध्ये नुकतीच कंबर धरलेल्या दोनशेवर लोकांचे गट पाडले, काहींना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस दुसऱ्यांपेक्षा ४५ टक्के कमी बुडाले. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये बघितलं तर जे झेपेल तसं रोजचं काम करत राहिले ते झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. हे ताज्या दुखण्यावरचे अभ्यास आहेत, तुमचं जुनं आहे, म्हणून झोपून राहणं तुम्हाला आणखीच नको. चालणं मात्र धरा. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवरचा अभ्यास आला, चालण्याचा कार्यक्रम दिलेल्यांना परत दुखणं यायला साधारण २०८ दिवस लागले, न दिलेल्यांना ११२. आणि त्याला ना जिम लागते ना मॅट, पायात चप्पल-बूट धड हवेत एवढंच. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा, संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन या.

गोळीबद्दल कळकळीने सांगते. मेडिकलमधून आणलेली पेनकिलर रोज घेऊ नका, पोटात अल्सर आणि किडनीवर परिणाम हे मी डोळ्यांनी बघते, आणि बीपी-शुगर असेल तर जास्तच. ती कुठली गोळी आहे ते पाकीट घेऊन डॉक्टरांना दाखवा. त्यात प्रेगाबॅलिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) असेल तर मनाने एकदम बंद करू नका, हळूहळू उतरवावी लागते.

ऑपरेशन. लघवीचा ताबा जात असेल, पायातली शक्ती कमी होत असेल, किंवा पायात उतरणारी असह्य कळ उपचार करूनही हटत नसेल आणि एमआरआयमध्ये नेमकी तीच नस दाबलेली दिसत असेल, तेव्हा ऑपरेशन चांगलं काम करतं आणि मी स्वतः सर्जनकडे पाठवते. नुसती कंबरेतली आग आणि साधा बल्ज एवढ्यासाठी मी तुम्हाला ऑपरेशन सुचवणार नाही. जाऊबाईंचा हेतू चांगला आहे, त्यांना कोणाचं तरी बरं झालेलं माहीत असेल, पण त्या माणसाचं दुखणं पायातलं होतं का ते विचारा.

एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या. बऱ्याच सरकारी मेडिकल कॉलेजांमध्ये पीएमआरचा विभाग असतो, केसपेपर काढताना तसं विचारा. मुंबईला कोणी नातेवाईक असेल तर हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे हेच काम चालतं.

तिथे तुमच्याकडून एक फॉर्म भरून घेतील, ऑस्वेस्ट्री नावाचा, इंग्लंडमधल्या एका गावाच्या नावाचा, १९८० सालचा. त्यात वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, प्रवास असे दहा प्रश्न आहेत. जमिनीवर मांडी घालून बसता येतं का हे त्यात नाही, कणीक मळता येते का हे नाही, देवापुढे वाकून नमस्कार करता येतो का हेही नाही. फॉर्म चांगलाच आहे, मीही वापरते, पण त्याच्या खाली मोकळ्या जागेत मी पेशंटला स्वतःचे तीन प्रश्न लिहायला लावते. तुमचे मी पत्रातूनच काढलेत: मशीनवर किती मिनिटं, कणीक किती पोळ्यांची, पंगतीत खाली बसले का.

'दहापैकी किती दुखतं' ते रोज लिहू नका, त्याने लक्ष दिवसभर कंबरेतच राहतं. हे तीन आकडे दर रविवारी कॅलेंडरवर लिहा. पहिले तीन-चार आठवडे दुखणं फारसं हलणार नाही, आकडे आधी हलतील, झोप त्यानंतर, आणि आग सगळ्यात शेवटी. आठ आठवड्यांनी त्या कॅलेंडरच्या पानाचा फोटो काढून मला पाठवा. मी वाट बघते.